मातीची फिर्याद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यातल्या एकाही आरोपीचा मला इतका संताप आला नव्हता. आणि चोरी कशाची, तर मातीची.

तेव्हा मी धारवाड जिल्ह्यात कलघटगीच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी जवळच्या गावातल्या एक वयस्क विधवा बाई फिर्याद द्यायला आल्या. नाव सांगत नाही, गाव त्यांना अक्का म्हणायचं, आपणही तेच म्हणू. त्यांची जमीन दगडाच्या खाणीला भाडेपट्ट्यानं दिलेली होती. खाण सुरू करताना वरची सुपीक माती खरवडून बाजूला ढीग लावून ठेवायची, त्यावर गवत पेरून ती सांभाळायची, आणि काम संपलं की खड्डा भरून तीच माती वर पसरून जमीन परत द्यायची, असा करार होता. नियमही तसाच आहे. खाण संपत आली होती आणि ढीग जागेवर नव्हता.

ठाण्यातला रायटर गालातल्या गालात हसला. चोरीस गेलेल्या मालाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यानं मला विचारलं. माती लिही, मी म्हणालो. माती कुणी चोरतं का साहेब, असं तो पुटपुटला तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. जमिनीला धरून असलेली माती चोरता येत नाही हे खरं, पण खणून वेगळी केली की ती जंगम वस्तू होते, आणि जंगम वस्तू मालकाला न विचारता उचलली की ती चोरी. एवढं ज्याला कळत नाही त्यानं अंगावर वर्दी कशाला घालावी?

अक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मला म्हणाल्या, "ढीग गेला तर खाली निस्ता मुरूम हाय, साहेब. मुरमात काय पेरू? लेक माझी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाती. आपलं रान परत येणार म्हणून थांबलीया ती."

खाणीच्या मॅनेजरला बोलावलं. कपाळाला विभूती, बोटांत अंगठ्या, बोलणं तुपात घोळलेलं. माती पावसाळ्यात वाहून गेली, असं त्यानं कानडीत सांगितलं. निसर्गापुढे आपण काय करणार, असं वर ज्ञानही दिलं. उलट बाईंनीच ढिगावर गुरं सोडली, असा आरोप करायलाही तो कचरला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

पण अक्कांनी जबाबात एक गोष्ट सांगितली होती. आमच्या भागात शीगी हुण्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, शेतात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, त्यांना नैवेद्य दाखवतात आणि चरग म्हणून तो अन्नाचा घास शेतभर शिंपडतात. शेत खाणीत गेल्यावर अक्का ही पूजा त्या ढिगावर करू लागल्या. आपलं शेत आता या ढिगातच आहे, असं त्यांचं म्हणणं. पूजा झाली की दगड तिथंच पुरायचे आणि पुढच्या वर्षी उकरून पुन्हा चुना लावायचा, ही त्यांच्या सासरची रीत. पाचातला एक दगड कधीतरी नांगरटीत हरवला, म्हणून सासूनं त्याच्या जागी फुटक्या जात्याचा तुकडा ठेवला होता. त्याला मधल्या भोकाचा अर्धा गोल तेवढा उरला होता.

यंदाचा पाऊस सरल्यावरही कोजागिरीला ढिगावर पूजा झाली असेल, तर पावसानं ढीग नेला कसा? पण अक्कांच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. मॅनेजर बिनघोर घरी गेला. मी दातओठ खात बसलो.

पुढची खबर आली ती खबऱ्याकडून नव्हे. जुन्या हुबळीत आमच्या ओळखीचा एक किराणा दुकानदार होता. त्यानं धारवाडच्या रस्त्यावर एका नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. तो एकदा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "अण्णा, दर्शनाला चला एकदा. आमच्या बागेत पाच पांडव निघालेत, स्वयंभू. एकाला तर चक्राची खूण आहे."

मी साध्या कपड्यांत गेलो. हिरवळ अंथरलेली, लिंबाच्या झाडाखाली नवा कट्टा, त्यावर चुना लावलेले पाच दगड, हळदकुंकू, हार. चक्राची खूण म्हणजे जात्याचं अर्धं भोक. मी हात जोडले आणि मनात शिव्या घातल्या.

मॅनेजरला पुन्हा बोलावलं. मातीचा विषय काढलाच नाही. चहा मागवला आणि म्हटलं, त्या लेआउटमध्ये देव निघालेत म्हणे, तुम्ही भाविक माणूस, तुम्हाला काही ठाऊक आहे का? पोलिसाला एक कळतं. पापाबद्दल विचारलं की माणूस तोंड मिटतो, पुण्याबद्दल विचारलं की सैल सुटतो.

"ठाऊक म्हणजे?" तो खुर्चीत पुढं सरकला. "माझ्यासमोर निघाले, सर. टिपर मीच रिकामा करून घेत होतो. पहिला नारळ माझा."

"टिपर कुठून आला होता?"

त्यानं कप बशीत ठेवला. मग सगळं बाहेर आलं. बिल्डरला हिरवळीसाठी कसदार माती हवी होती, यानं अक्कांचा ढीग विकला. बागेत माती ओतताना तिच्यातून चुना लावलेले दगड निघाले तेव्हा देव म्हणून टाकून द्यायची कुणाची छाती झाली नाही. देव डोक्यावर घेतले आणि बाईचं शेत गाडीत भरलं. याला भक्ती म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

पंचांसमोर तिथंच बागेत ते दगड इतर पंधरावीस दगडांत मिसळून ठेवले. अक्कांनी न चाचपडता पाचही उचलले. कोर्टानं मुद्देमाल फिर्यादीला परत देण्याचा हुकूम केला.

मला वाटलं, संपलं. पण प्लॉटवाल्यांचं शिष्टमंडळ ठाण्यात आलं. शिक्षक, वकील, बँकवाले, दोघं तर धारवाडातल्या आमच्या मळमड्डी भागातले, मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांचं म्हणणं एकच, देव हलवू नका, आमच्या भावना दुखावतील. ज्या मातीवर त्यांची मुलं खेळत होती ती कुणाच्या तोंडची भाकरी आहे, हे एकानंही विचारलं नाही. कोर्टाच्या हुकमाची नक्कल घेऊन आलेल्या अक्कांना मी आत बोलावलं आणि म्हटलं, यांना तुम्हीच सांगा.

अक्का उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "देव ठिवा तुमच्याकडं. मी ओढ्यातनं दुसरे आणीन. माती तेवढी द्या माझी."

एकेक करून सगळे उठून गेले.

हिरवळ खरवडून निघाली तेवढी माती परत आली. तिच्यात सिमेंटचे गोळे होते, खडी होती, रोलरनं दाबून ती विटेसारखी झाली होती. जी रस्त्याखाली आणि घरांखाली गेली ती गेलीच. मेलेली माती पुन्हा जिवंत व्हायला वर्षं लागतात, असं कृषी खात्यातल्या एका जाणकारानं मला सांगितलं. मॅनेजर आणि बिल्डर दंड भरून सुटले. अजून धंदा करतात.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चोरीचा माल सापडला की तपास पूर्ण झाला, असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. इथं माल सापडला, चोर सापडला, गुन्हा शाबीत झाला, आणि अक्कांच्या रानाच्या एका कोपऱ्यात तेवढा मका उभा राहतो. बाकी सगळा मुरूम आहे. त्यांची लेक अजून दुसऱ्याच्या शेतात जाते.