वजिराला लागलेला हात

काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासाने माझे तळहात घामेजले.

कोल्हापुरातल्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी होती. मी तेव्हा चौदा वर्षांची. समोर इचलकरंजीचे एक काका होते, यंत्रमागावर काम करणारे. त्यांच्या बोटांना असाच तेलाचा वास येत होता.

माझी चाल होती. टेबलाखाली माझा पाय त्यांना लागला आणि सवयीने, त्यांना स्पर्श करून नमस्कार करायला, मी हात पुढे केला. तो माझ्याच वजिराला लागला. हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं, आणि वजीर हलला की माझ्या राजावर मात होती. चुकून लागला, हे कोण मानणार?

पंच दोन पावलांवर उभे होते. घड्याळाची टिकटिक माझ्या कानशिलात वाजत होती. काकांचा हात हळूहळू वर उठला. ते पंचांना बोलावणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

तो हात माझ्या डोक्यावर आला.

"नमस्कारच करत हुतीस न्हवं? मग खेळ की आता," ते पुटपुटले.

मी जिंकले. त्यांचा हात डोक्यावर थरथरत होता, हे मला काल आठवलं. त्यांनाही जिंकायचंच होतं.