मचूळ पाण्यातली चिलापी

भंडाऱ्याहून निघताना बर्फाचा डबा सांभाळत बसलेल्या नवऱ्याला मी म्हटलं, "अहो, मासे काय आपल्याकडे कमी आहेत?" हे म्हणाले, "मग तुझ्या प्रबंधाचं काय?" प्रबंध माझा आणि हौस ह्यांची! एकाच जातीचा चिलापी मासा वेगवेगळ्या पाण्यात अंगात किती ऊर्जा साठवतो, ते मला तपासायचं होतं. मासा वाळवायचा, कुटायचा, बंद भांड्यात जाळायचा आणि किती उष्णता निघाली ते मोजायचं. खाणं चांगलं मिळालं असेल तर चरबी जास्त, म्हणून उष्णताही जास्त. आमच्या गावचं तळं, शहरातलं तळं आणि खाडीजवळचं मचूळ (किंचित खारट) पाणी, अशा तीन ठिकाणचे मासे हवे होते.

ऐन होळीत मीरा-भाईंदरला पोचलो आणि इंद्रलोक नावाच्या वस्तीत मावसबहिणीकडे उतरलो. जिकडे बघावं तिकडे इमारती. इथे तळं सापडणार कुठे, अशी मला शंकाच होती.

धुळवडीच्या सकाळी बहिणीच्या ओळखीचे जनूकाका जवळच्या गोडदेव गावात भेटले. मूळचे इथलेच, पिढीजात मासेमार. त्यांनी गावाजवळच्या तळ्यात फेकजाळं टाकलं आणि चांगल्या गुबगुबीत चिलाप्या काढून दिल्या. रस्त्यात मात्र चार-पाच जण झिंगून नाचत होते. प्यायलेल्या माणसाची मला भारी धास्ती. जनूकाकांचेही डोळे लाल होते, म्हणून मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

रिक्षाने आम्ही खाजणाशी (खाडीचं पाणी शिरतं त्या दलदलीशी) आलो. पलीकडच्या डबक्यापर्यंत मातीचा अरुंद बांध गेला होता.

"तिकडं जाळं लावलेलं हाय, उचला नि या," काका म्हणाले. "पन आज भांग न्हाय हां ताय. जल्दी या."

"बरं झालं बाप्पा!" मी मनापासून म्हटलं. माणूस शुद्धीवर आहे, आणखी काय पाहिजे? काका जरा विचित्र नजरेने बघत जवळच राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या घरी गेले. मी डबा घेऊन रस्त्याकडेला बसले आणि हे ऐटीत बांधावरून निघाले. ह्यांना पोहता येत नाही, पण बांध तर कोरडा ठणठणीत होता.

हे डबक्याशी पोचले तेव्हा माझ्या पायाखालचा चिखल चुरचुरायला लागला. आमच्या तळ्याचं पाणी असतं तिथंच असतं. हे पाणी चालत येत होतं. ना लाट, ना आवाज. बघता बघता बांधाचा मधला सखल भाग दिसेनासा झाला. पलीकडे हे जाळं हातात घेऊन उभे, आणि मधे नुसतं गढूळ पाणी.

"अहो, हलू नका!" मी ओरडले. "जागचे हलू नका!"

ह्यांनी एक पाऊल टाकलंच, आणि कमरेपर्यंत आत गेले. चपला तिथेच टाकून मी धावले. काकांच्या बहिणीच्या दारातूनच काकांना हाक मारली आणि हात खाडीकडे केला.

काका बांबू घेऊन पाण्यात शिरले. पायाने बांध चाचपत, छातीएवढ्या पाण्यातून पुढे. मी काठावर उभी राहून देवाला नको नको ती वचनं दिली. हे काकांचा खांदा धरून परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते. जाळं, मासे, सगळं तिकडेच राहिलं.

"सांगितलेलं ना, आज भांग न्हाय!" काका माझ्यावर कडाडले.

"मला वाटलं, तुम्ही प्यायला नाहीत."

"अगो ताय, भांग म्हंजे कमी पान्याची भरती. आज पुनवेचं उधान!" मग त्यांना हसू आवरेना. हेही थरथरत हसायला लागले. मला रडू फुटलं आणि ते थांबेचना.

भंडाऱ्याला परत आल्यावर मार्गदर्शकांना सांगितलं, तिसऱ्या पाण्याची चिलापी काही मिळणार नाही. ते नाराज झाले. होऊ देत.

गावच्या तळ्यातले मासे काढायचे तेवढे राहिले होते. काल हे जाळं घेऊन उतरले. पाणी जेमतेम गुडघाभर. धुणं धुणाऱ्या बाया माझ्याकडे बघून खुदुखुदु हसत होत्या, कारण साडी भिजवत मीही मागोमाग पाण्यात उतरले होते आणि ह्यांचा सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"अगं, सोड की! जाळं कसं टाकू?" हे म्हणाले.

मी नाही सोडला.