संमतीपत्रावरची सही

मंडळी, मी मुलींच्या गाईड पथकाची कॅप्टन आहे, तीही बिनपगारी. 'बिनपगारी' हा शब्द किती संशयास्पद आहे, ते आज चिकलठाण्यात कळलं.

आमची वैष्णवी पथकात सगळ्यात झटपट तंबू उभारते. पण शिबिराच्या संमतीपत्रावर वडिलांची सही नव्हती आणि आज शेवटचा दिवस होता. म्हणून मीच तिच्या घरी गेले.

वडिलांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पगार नाय, मंग पोरी गोळा करून तुम्हाला काय मिळतं, मॅडम?"

"आनंद," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दाराआड वैष्णवीचा चेहरा पडला. मग मी सरळ खोटं बोलले. "नगरसेवक व्हायचंय मला."

"आसं सांगा ना मग! मला वाटलं, काय भानगड हाय!" सही झाली, चहा आला, घरातली चार मतंही पक्की झाली.

गाईडचा पहिला नियम मी मुलींकडून घोकून घेते: गाईड विश्वसनीय असते. आज मी खोटं बोलले तेव्हाच विश्वसनीय ठरले, आणि वैष्णवीनं ते सगळं ऐकलंय. शनिवारी पथक भरेल तेव्हा तिच्यासमोर हा नियम कोणत्या तोंडानं म्हणू, सांगा.