मागून येणारा आवाज

कोणी तुरीच्या तुऱ्हाट्या पेटवल्या की मले त्यांच्या जाळावर ताणासाठी शेकलेल्या खंजिरीच्या कातड्याचा वास येते. चाळीस वर्सांआधी रामाकोना गावाले आमच्या घरच्या भजनमंडळाचा कार्यक्रम होता. मी ओळ म्हणायची, बायकोनं अन् धाकट्या भावानं ती मागून उचलायची. तिच्या गळ्यात गाठ होती. सौंसरच्या डॉक्टरनं गाणं बंद सांगितलं होतं, तरी आली. मी ओळ म्हटली. तिचं तोंड हललं, आवाज निघाला नाही. "वैनी, सुपारी अडकली का?" भाऊ हसला. मंग तिच्या डोळ्याकडं पाहून दोघांच्या वाटची ओळ एकटाच उचलू लागला. परतताना बैलबंडीत ती मले पुटपुटली, "मागं नुसतं बसू द्याजा." दिवाळीपर्यंत बसली, मंग गेली. आता भाऊही नाही. मी अजून ओळ म्हणतो अन् सवयीनं थांबतो. मागून काही येत नाही.