गयाअक्कांनी फिनेल ओतलं

परभणीच्या प्रदर्शनात एका बाईंनी चटणीचं पाकीट उचललं आणि म्हणाल्या, "बिचाऱ्या बायकांना तेवढीच मदत." गयाअक्कांनी ते पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं. "आधी चव बघा, आवडली तर न्या. कीव करून नेलेली चटणी दुसऱ्यांदा कुणी न्यायला येत न्हाई." अक्कांकडे विक्रीच्या कामाला मी नुकताच लागलो होतो. गिऱ्हाइकाच्या हातातला माल परत घेणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता.

मानवतला अक्कांनी मिरची-मसाल्याचा छोटा कारखाना काढला होता, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी. कामाला येईल ती मालकीण आणि मोठा निर्णय हात वर करून, हा नियम त्यांचाच. धंद्यात मात्र लय कडक. "नफा न्हाई झाला तर ह्या समद्या परत कुणाच्या दारात उभ्या राहतील?" असं मलाच दरडावून विचारायच्या, जणू तोटा करायला मीच निघालो होतो.

एका पावसाळ्यात गोदामाचे पत्रे गळायला लागले आणि मिरचीला बुरशी लागली. बायकांचा पगार त्याच पोत्यांतून निघायचा होता. "ऊन दाखवून दळू की. कुणाला कळायलंय?" एकजण म्हणाली. अक्का आत गेल्या, फिनेलचा कॅन आणला आणि एकेका पोत्यात ओतत सुटल्या.

पगार अर्धाच झाला. पुढच्या बैठकीत, कारखान्यातच, अक्कांना अध्यक्षपदावरून काढायचा विषय निघाला. मला वाटलं, दोघी-तिघी कुरकुरतील आणि गप्प बसतील. पहिला हात वर गेला तो मंदाचा, अक्कांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा. मग बाकीचे सगळे.

अक्का म्हणाल्या, "माल नासवला ते बराबरच केलं. पण तुमाला न इचारता नासवला. मालकिणी तुमी, अन् मालक मीच होऊन बसले." त्यांनी किल्ल्या मंदाच्या हातात ठेवल्या. आता या चपला घालून घरी जाणार, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी पदर खोचला आणि देठं खुडणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसल्या. पुढे गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत त्यांची जागा तीच राहिली.

मंदा त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि हुंदके द्यायला लागली. "अक्का, ऊठ ना गं. घरी चल."

अक्कांनी मानही वर केली नाही. "रडू नको. मिरचीचे हात हायत, डोळ्याला लागतील."