पाइपाला बांधलेली गोधडी

आमच्या कुरखेड्याकडे पाणी गोठत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी फौजेतून निवृत्त होऊन घरी आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी अंगणातल्या पाइपाला तणस गुंडाळलं. टाकीपासून मोरीपर्यंत तो पाइप उघड्यावरच आहे. सकाळी नळाखाली हात धरवत नाही, आणि आईची बोटं आधीच संधिवाताने वाकलेली. धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घरी भरपूर होतं. सुतळीने आवळून बांधलं आणि स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर शेजाऱ्यांचे दोन बैल माझी कारागिरी चघळत उभे. पाइप सांध्यातून निखळलेला, टाकी रिकामी, अंगणभर चिखल. इतकी वर्षं बाहेर राहून मी शहाणा झालो होतो म्हणे, आणि तणस बैल खातात एवढंच विसरलो होतो.

"काऊन गा फौजी, पाइपाले थंडी वाजून राह्यली का?" शेजारचे भाऊ पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी सांधा बसवून दिला. त्यांच्या बाईंनी न सांगता दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. अशी माणसं शेजारी असावीत, याहून जास्त काय मागावं?

आई उन्हात खाटेवर बसून सगळं बघत होती. गुडघ्यांवर गोधडी होती.

"हे पाइप बांधाचं कुठी शिकला रे तू?"

झालं. जी गोष्ट मी बारा वर्षं आईपासून लपवत आलो होतो, ती अशी समोर आली.

माझी दोन वर्षांसाठी लडाखला बदली झाली तेव्हा आईने मला गोधडी शिवून दिली होती. आपली जुनी लुगडी फाडून, मधोमध लग्नातल्या लुगड्याचा हिरवा काठ लावून. नंतर दर फोनवर एकच विचारणं, "गोधडी आंगावर घेतं ना?" मी म्हणायचो, "घेतो ना."

साफ खोटं. आमच्या चौकीवर पाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. टाकीतून निघणाऱ्या पाइपाचं वळण उघडं होतं, आणि नेमकं तिथेच पाणी गोठायचं. होती नव्हती ती सगळी पोती पुढच्या पाइपाला लागून संपलेली. एका संध्याकाळी वारा असा सुटला की सकाळी नळ कोरडा राहणार हे दिसतच होतं. मी गोधडी आणली, वळणाला घट्ट गुंडाळली, ओली होऊ नये म्हणून वरून प्लास्टिक बांधलं. सकाळी नळाला पाणी होतं. बारा जण चहा प्यायले. गोधडी मात्र तिथून परत काढता आली नाही. बदली झाली तेव्हाही ती पाइपालाच होती.

हे सगळं मी आईला सांगितलं. मान खाली घालून, लहानपणी पाटी फोडून आलो की सांगायचो तसंच. हिरव्या काठाचंही सांगितलं. आता ती रडेल, नाहीतर दोन दिवस बोलणार नाही, असं वाटलं.

तिने गुडघ्यांवरच्या गोधडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"अरे येड्या, मी दुसरी शिवून धाडली असती ना. दोन वर्षं तू बिना गोधडीचा निजला?"

लुगड्याबद्दल एक शब्द नाही. मी तिच्या लुगड्याचा हिशेब डोक्यात घेऊन बसलो होतो आणि तिला फक्त मला लागलेली थंडी दिसत होती. असं काळजी करणारं माणूस मला जन्मभर मिळालं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते मला समजत नाही.

तिने गुडघ्यांवरची गोधडी काढली आणि वाकड्या बोटांनी माझ्या खांद्यांवर टाकली. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. मी तशीच पांघरून बसलो.