समिधाने छापलेली व्हेरा

भाईंदर पश्चिमेला समिधाचं फोटो छापायचं दुकान आहे, आणि समिधाचा हट्ट त्या दुकानाहून मोठा आहे. एरवी बाई गरीब गाय. पण करड्या रंगात जांभळी झाक दिसली की तिचं डोकं फिरलंच.

उत्तनचा मॅन्युएल बायकोचा फोटो घेऊन आला. व्हेरा जाऊन महिना होत होता. रविवारी चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा, त्याआधी घरात आईबापाच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंशेजारी तिचाही तसाच लावायचा होता. ती बोंबील वाळत घालत असताना पुतण्याने मोबाइलवर चोरून टिपलेला, असा हा एकच.

समिधाने झोकात प्रिंट काढून दिली. मॅन्युएल बघतच राहिला.

"पोरी, ही गोरी कोण हाय?"

समिधाने जीभ चावली. लग्नाच्या स्थळांचे फोटो करून करून हाताला खोडच लागली होती, चेहरा दिसला की उजळायचा. गिऱ्हाईक खूश, आपण खूश, माणूस कुठे गेला हे कुणी विचारत नाही. आज विचारणारा भेटला.

मूळ फोटो जसाच्या तसा छापला, तर गाल, कपाळ, डोळे सगळं एका काळ्या डागात बुडालं. दोष व्हेराच्या रंगाचा नव्हता. प्रिंटरलाच गडद छटा वेगळ्या काढता येत नव्हत्या.

"काका, शनिवारी या," म्हणत तिने कंबर कसली.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांची पट्टी छापायची, वाळू द्यायची, छोट्या यंत्राने एकेक छटा मोजायची, दाराबाहेरच्या उजेडात बघायची. दोन छटा एकमेकींना चिकटल्या की तिथली शाई कमी करून पुन्हा पट्टी. खाडीच्या दमट हवेत शाई लवकर वाळत नाही. घाईने मोजलं की सगळंच मुसळ केरात. शेजारचा मोबाइलवाला साहिल म्हणाला, "दीदी, एक फोटो के लिए इतना?"

"एक ही है, इसीलिए तो."

अशा हट्टाला हात जोडावेत.

शनिवारी मॅन्युएलने नवी प्रिंट हातात घेतली. काळा गाल, त्यावर उन्हाची लकाकी, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. एक छटा दुसरीत अलगद उतरत होती.

"लगीन झाल्यापासून कधी फोटो काढू दिला न्हाय तिनं," तो म्हणाला. "म्हणायची, स्टुडिओवाले माझ्या जागी दुसरीलाच बसवतात."

मग त्याने प्रिंट छातीशी धरली आणि हळूच तिलाच म्हणाला, "चल बाय, घरी."